अडखळली तर थांब

प्रश्न साधाच होता. पृथ्वीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कशाने व्यापला आहे? चौथीतल्या कुमुदने उत्तर लिहिलं होतं, ‘आकाशाने’.

भोईटे बाईंनी ते फोनवर वाचून दाखवलं तेव्हा सान्वीला आधी हसूच फुटलं.

“हसायला मलाही आलं हो, कुमुदच्या आई,” बाई म्हणाल्या, “पण मी तिला म्हटलं, अगं, धड्यात काय दिलंय? तर म्हणते, धड्यात तसं काही नाहीच. माझ्या पाटीच्या पडद्यावर पहिल्याच ओळीत समुद्र आहे, आणि ही आपली ठाम. खोटं बोलणारी पोर नाही ती. तुम्ही तिला तो साज लावून दिलाय ना वाचायला? त्याचं काही बिनसलंय का बघता का जरा?”

“बघते,” सान्वी म्हणाली. फोन ठेवला तरी तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं होतं. फक्त त्याचं आता काय करायचं ते तिला कळेना. कारण तो साज तिने स्वतः केला होता, आणि आयुष्यात तिने केलेल्या गोष्टींत तिला अभिमान वाटावा अशी ती बहुधा एकच गोष्ट होती.

साज म्हणजे काय ते आता पोराटोरांनाही ठाऊक आहे. सान्वीच्या लहानपणी मात्र वेबसाइट ज्याने बनवली त्याच्याच मर्जीने दिसायची. त्याला भडक निळा आवडला की सगळ्या जगाने निळ्याकडे बघून डोळे चोळायचे. मग काही खटपटी लोकांनी युक्ती काढली. पान कुठल्यातरी दूरच्या यंत्रातून निघतं, आपल्यापर्यंत येतं, आणि पडद्यावर उमटण्याआधी क्षणभर उंबऱ्यावर थांबतं. तेवढ्यात त्याला गाठायचं. हे अक्षर मोठं कर, ती जाहिरात झाक, पांढऱ्याचं जरा साईसारखं कर, आणि मग ये आत. मूळ पानाला याचा पत्ताही नसतो. ते आपल्या जागी जसंच्या तसं असतं. बदलतं ते फक्त आपल्याला दिसणारं रूप. या पेहरावाला लोक साज म्हणू लागले, आणि हौशी मंडळींनी आपापले साज ‘साजघर’ नावाच्या ठिकाणी मांडून ठेवले, ज्याला हवा त्याने न्यावा. कुणी बँकेच्या पानाला जास्वंदीचा रंग दिला, कुणी बातम्यांच्या पानावरून सगळी भांडणं पुसून टाकली.

सान्वी एका बियाणं कंपनीची पानं सांभाळायचं काम घरबसल्या करायची. साज हा तिचा छंद. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, नाहीतर कुमूच्या तायक्वांदोच्या क्लासबाहेरच्या बाकावर, असा मिळेल तेवढा वेळ चोरून ती साज विणायची. तिचा सगळ्यात पहिला साज तिने कुणालाच दाखवला नव्हता. समुद्रकाठचं हर्णै सोडून ती माहेरी साताऱ्याला परत आली, त्या आठवड्यात तिने तो केला होता. निहारचं नाव, निहारचा फोटो, निहारच्या कामाचं पान, जिथे म्हणून नवरा डोकावेल तिथे तिच्या पडद्यावर स्वच्छ पांढरी जागा. दोघांचं भांडण असं काही मोठं नव्हतं. बोलणंच इतकं कमी होत गेलं होतं की भांडायलाही काही उरलं नव्हतं.

आणि दुसरा मोठा साज कुमूसाठी.

कुमूची अक्षरं जागेवर बसत नसत. ती स्वतःच तसं सांगायची, “आई, ‘क्ष’ नुसता वळवळतो गं.” वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायची, ओळी एकमेकींत शिरायच्या. अशा मुलांची बुद्धी चांगली लखलखीत असते, फक्त वाचनाची वाट खडबडीत असते, हे सान्वीने शोधून शोधून वाचलं. त्यातच तिला नजरेची गंमत कळली. आपल्याला वाटतं, डोळा ओळीवरून घसरत जातो. तसं नसतं. डोळा चिमणीसारखा उड्या मारतो. एका शब्दावर टेकतो, पुढच्यावर उडी. अडलं की उडी मागे. शाळेच्या पाटीला वर जो बारीकसा कॅमेरा असतो, तो डोळ्याच्या या उड्या मोजू शकतो. कुठे टेकला, कुठे रेंगाळला, कुठून मागे फिरला, डोळ्यातली बाहुली किती मोठी झाली.

मग साजाला नुसतं हेच सांगायचं, की तिच्या डोळ्याकडे बघ आणि त्याप्रमाणे पान बदलत राहा. आताशा यंत्रांना मराठीतून सांगितलं तरी चालतं. सान्वीने सांगितलं. नजर अडखळली तर आधी अक्षरं जरा सुटी कर. तरी अडखळली तर वेलांटी आणि मात्रा ठळक कर. तरी अडखळली तर जोडाक्षर फोडून दाखव, मागचा रंग बदल. आणि शेवटची ओळ तिने लिहिली ती बाकावर बसून, त्या दिवशी वर्गात वाचता आलं नाही म्हणून रडून रडून कुमूचं नाक लाल झालं होतं, तेव्हा. तिने लिहिलं, ‘तरीही अडखळली, तर तुला जमेल ते कर, पण माझ्या लेकीला अडखळू देऊ नकोस.’

साजाने शब्द पाळला. पावसाळा सरता सरता कुमू घडाघडा वाचू लागली. दुकानांच्या पाट्या तेवढ्या अजून वळवळायच्या, पण पाटीवरचं काहीही तिच्यापुढे टाका, पोर सपासप वाचून मोकळी. साजघरातून कितीतरी आयांनी तो साज नेला. मिरजेची फिरोजा, जी स्वतः पट्टीची साजवाली होती आणि सहसा कुणाचं कौतुक करायची नाही, तिने आपल्या अरमानला तो लावला आणि कळवलं, “बये, तुझ्या हातात जादू आहे. वाटणात मीठ विसरत असशील एक वेळ, पण हे झकास जमलंय.”

त्या साजात बिघाड निघावा?

संध्याकाळी सान्वीने चटई अंथरली, काकडीच्या फोडी घेतल्या आणि कुमूला जवळ बसवून म्हणाली, “तो पृथ्वीचा धडा वाचून दाखव बघू मला.”

“परत? बाईंनी फोन केला ना तुला?”

“केला.”

“मी खोटं नाही बोलले.”

“कोण म्हणतं? मला बघायचंय फक्त.”

कुमू वाचू लागली. सान्वीने तोच धडा स्वतःच्या फोनवर, कुमूचा साज न चढवता, उघडला होता. पहिली ओळ: पृथ्वीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग समुद्राने व्यापला आहे. कुमूने वाचलं, “पृथ्वी गोल आहे आणि तिच्यावर आपण राहतो.” दुसरी ओळ. तिसरी. मध्येच सान्वीच्या पानावर लाटांचं एक अख्खं चित्र होतं; कुमूने श्वासही न घेता ते ओलांडलं. सान्वीने वाकून पाटीत बघितलं. तिथे चित्र नव्हतंच. वरचा परिच्छेद आणि खालचा परिच्छेद असे जुळवले होते की टाका कुठे पडलाय ते कळू नये. काही ठिकाणी नवीन वाक्य घालून भोक बुजवलं होतं. इतकं सफाईदार काम सान्वीलाही जमलं नसतं.

“काय गं?” कुमूने काकडी चावत विचारलं.

“काही नाही. छान वाचतेस.”

तिला नवल वाटत होतं. ‘तुला जमेल ते कर’ असं आपणच सांगितलं होतं. अडखळण्याची जागाच उचलून टाकणं याला जमलं, त्याने ते केलं. ठीक. ‘समुद्र’मध्ये जोडाक्षर आहे, अडली असेल. पण मग ‘ज्वालामुखी’ कसा राहिला? ‘दक्षिण गोलार्ध’ जागच्या जागी कसा? आणि ‘लाट’ का गेली? ‘वाळू’ का गेली? ‘होडी’ तर बालवाडीतलं पोर वाचेल. कुमू झोपायला गेली नव्हती तोवरच सान्वीने फिरोजाला फोन लावला.

“अरमानच्या पाटीवरून काही गायब झालंय का गं?”

“गायब? तुझ्या साजातून? काय बोलतेस!” फिरोजाने पाटी शोधल्याचा आवाज आला, मग लेकावर ओरडल्याचा, मग बराच वेळ नुसतं पुटपुटणं. मग एकदम, “या अल्ला! म्हणून होय!”

“काय?”

“अगं, पोरगं क्रिकेटचं नाव काढेना झालं होतं. पाटी उघडून बसायचं, तोंड पाडायचं, परत बंद करायचं. मला वाटलं, चला, शहाणं झालं, आता अभ्यास करेल! मिठाई वाटायची बाकी होती. आता बघते तर पाटीवरून क्रिकेट पार धुऊन निघालंय. स्कोअर नाही, फोटो नाही, गणितातसुद्धा ‘चेंडू’ होते तिथे लिंबं घातलीत!”

“त्याला क्रिकेटचं वाचायला अवघड जायचं का?”

“अवघड? झोपेत ‘नो बॉल’ म्हणून ओरडतंय ते! त्याच्याएवढं त्याला दुसरं…”

फिरोजा बोलता बोलता थांबली. सान्वीही थांबलेली होती. दोघी एकाच जागी पोचल्या होत्या.

डोळा अवघड शब्दावर थांबतो. बाहुली मोठी होते, नजर पुढे जाऊन परत मागे फिरते. आणि जीव अडकलेल्या शब्दावरही डोळा थांबतो. बाहुली तशीच मोठी होते, नजर तशीच परत परत मागे फिरते. कॅमेऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. साजाने अवघड तेवढं फोडून सोपं केलं होतं, कारण ते सोपं होत होतं. पण अरमानचं क्रिकेट कितीही सुटं करून, ठळक करून दाखवलं, तरी तिथे त्याचा डोळा रेंगाळायचाच. मग उरला एकच उपाय.

“म्हणजे जे जे आवडतं,” फिरोजा हळू म्हणाली, “ते ते उचललं याने.”

“आवडतं किंवा… छळतं.”

“कुमूचं काय गेलंय?”

“समुद्र,” सान्वी म्हणाली.

फिरोजाला हर्णैचं माहीत होतं. “म्हणजे तिचा बाबा,” ती म्हणाली.

दर रविवारी निहारचा फोन यायचा. आधी आधी कुमू तासभर बोलायची. मग मिनिटभर. मग ‘मला खेळायचंय’ म्हणून यायचीच बंद झाली. सान्वीने स्वतःची समजूत घातली होती की मुलं विसरतात, विसरलेलंच बरं. खरं तर त्या समजुतीने तिला जरा हलकंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुमू शाळेतून आली, दप्तर टाकलं, दूध घेतलं आणि रोजच्यासारखी खिडकीपाशी पाटी घेऊन बसली. हा तिचा नेम होता. एक पान उघडायचं आणि त्यात आभाळ बघत बसायचं. नुसतं आभाळ, कधी ढग, कधी एखादी घार. सान्वीला ते भारी गोड वाटायचं. तिने ढगांच्या नावांचं एक पुस्तकही आणून दिलं होतं, ते कुमूने उघडलं नव्हतं.

आज सान्वीने मागून जाऊन पानाचा पत्ता वाचला आणि स्वयंपाकघरात येऊन तो स्वतःच्या फोनवर उघडला.

पांढरं. स्वच्छ, कोरं पांढरं.

मग तिला कळलं. कुमूच्या साजाने नाही, हे तिच्या स्वतःच्या साजाने झाकलं होतं. तो पहिला, कुणाला न दाखवलेला. तो काढायला एकच बोट लागायचं. सान्वीने ओटा पुसला, चहाचं भांडं विसळलं आणि मग ते बोट लावलं.

समुद्र आला.

निहार समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्या संस्थेत होता. उथळ पाण्यात बांबूंचे तराफे, तराफ्यांना दोर, दोरांना लोंबणारं तांबूस शेवाळ. लोकांना ही नवी शेती बघता यावी म्हणून संस्थेने एका खांबावर कॅमेरा बसवून पान चालू ठेवलं होतं. चित्राच्या खालच्या तीन चतुर्थांश भागात पाणी आणि वर पट्टीभर आभाळ. साजाने चित्र दररोज थोडं थोडं खाली सरकवत नेलं असणार, आणि कुमूकडे उरली ती नुसती पट्टी.

एक होडी तराफ्याला लागली. निहार उतरला. दाढी वाढली होती. कोपऱ्यातल्या उंच बांबूपाशी गेला, पिशवीतून काहीतरी पिवळं काढलं आणि बांबूवर चढवलं. वाऱ्याने ते फुगलं, तेव्हा सान्वीने ओळखलं. कुमूचा रेनकोट. टोपीला बदकाची चोच असलेला, तिला पार आखूड झालेला, हर्णैला राहून गेलेला. हर्णैच्या बंदरात होड्या परतताना किनाऱ्यावरची पोरं आधी बावटा ओळखतात, मग होडी, मग माणूस. कुमू तर निहारच्या होडीचा बावटा ठिपक्याएवढा असल्यापासून ओळखायची आणि ‘आला, आला’ करत धावत सुटायची.

रेनकोट बांधून निहार बाजूला उभा राहिला. हात हलवला नाही, काही नाही. नुसता कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा. शाळा सुटून पोर घरी पोचण्याची वेळ तो अचूक धरून होता.

सान्वीने दारातून खोलीत बघितलं. कुमू गुडघे पोटाशी घेऊन आभाळ बघत होती. मग तिने पाटी मिटली.

“काय दिसलं आज?” सान्वीने विचारलं. आवाज जरा जास्तच सहज आला.

“काही नाही,” कुमू म्हणाली. “नेहमीचंच.”

कुमू क्लासमध्ये लाथा झाडत होती तेव्हा सान्वीने बाहेरच्या बाकावरून निहारला फोन लावला. स्वतःहून, कितीतरी महिन्यांनी.

“काय गो? कुमू बरी आहे ना?” तो घाबरलाच.

“बरी आहे. निहार, तो रेनकोट…”



“तुला कुणी सांगितलं?” तो म्हणाला. “आमचं होतं ते. निघताना मी तिला म्हटलं होतं, बोलायला मला जमत नाही, पण बावटा रोज लावीन. तू पानावर बघ. ओळख, बस. ती आधी फोनवर सांगायची, बाबा, काल वाकडा बांधला होतास. मग सांगायची बंद झाली. म्हटलं, बघत नसेल आता. मोठी झाली.”

“तरी लावतोस?”

“लावतो. लावायचा म्हटलं होतं ना.”

“ती रोज बघते रे,” सान्वी म्हणाली. “रोज. तिला दिसत नाही. तिला वाटतं तू सोडलंस.”

मग तिने सगळं सांगितलं. साज, डोळा, बाहुली, ती शेवटची ओळ. निहार मध्ये एका शब्दानेही बोलला नाही. त्याची ही सवय तिला पूर्वी असह्य व्हायची. आज बोलून संपवायला तिला तेवढीच जागा हवी होती.

“पेडव्यासारखं केलंस तू,” तो म्हणाला.

सान्वीला हसू आलं आणि रडूही. पेडवा म्हणजे बोटभर मासा, त्यात काटाच काटा. घाटावरची सान्वी कुमूला भरवताना एकेक काटा काढून, मऊ गोळा करून घास द्यायची. निहार म्हणायचा, अगो, तिला काटा जिभेने शोधू दे. हर्णैचं पोर आहे, शिकेल. एकदा दोघं त्यावरून जेवण टाकून उठली होती.

“तू साज गुपचूप नीट कर,” निहार म्हणाला. “उद्यापासून दिसेल तिला. कशाला सांगतेस? तुझ्यावर चिडेल.”

सान्वीनेही तेच योजलं होतं. बोट लावायचं, समुद्र परत येईल, बाबाने पुन्हा बावटा लावला म्हणून पोर नाचेल. कुणाचंच काही बिघडणार नाही. फक्त मधले सगळे महिने बाबा विसरला होता, हे कुमूच्या मनात कायमचं खरं होऊन बसेल. तो काटाही आपणच काढून टाकायचा, की राहू द्यायचा?

“सांगते,” ती म्हणाली. “चिडू दे.”

क्लासवरून घरी येताना कुमूचं बोट धरून तिने सांगायला सुरुवात केली, आणि पोवई नाक्यापर्यंत सांगून संपवलं. साध्या शब्दांत, काही न गाळता. शेवटच्या ओळीसकट. बाबा रोज लावत होता, हेही.

कुमू चालायची थांबली. चेहरा असा झाला की सान्वीला वाटलं, आता भर रस्त्यात बसकण मारणार. पण तिच्या कपाळाला आठी पडली. गणित घालताना पडते तशी.

“म्हणजे साजाला कळलं? की मला बाबा आवडतो?”

“तसं नाही कळत त्याला. तुझा डोळा तिथे थांबतो, एवढंच कळलं.”

“मग त्याने पुसून कशाला टाकलं?”

“त्याला वाटलं, तुला त्रास होतोय.”

“होतच होता,” कुमू म्हणाली. “पण तो माझा होता.”

त्यानंतर घर येईपर्यंत तिने बोट धरलं नाही. सान्वी पिशवी सांभाळत तिच्या मागून चालत राहिली. जिन्यात कुमू वळली. “क्ष पण परत वळवळणार का?”

“नाही. क्ष ला मी बांधून ठेवीन.”

“आणि बाबा?”

“त्याला हात लावणार नाही.”

साज काढून टाकणं सोपं होतं. तो सुधारणं कठीण. अवघड आणि आवडतं यांतला फरक कॅमेऱ्याला कळत नव्हता, आणि सान्वीने फिरोजाबरोबर कितीही डोकं लढवलं तरी तो कळवायची युक्ती दोघींना सापडेना. “आपल्याला तरी कुठे कळतो?” फिरोजा म्हणाली. “मी याच्या बापाकडे बघते तेव्हा माझा डोळा कशाने थांबतो, ते मलाच माहीत नाही.” शेवटी सान्वीने फरक शोधायचा नाद सोडला. अक्षरं सुटी करणं, वेलांट्या ठळक करणं, जोडाक्षर फोडणं, सगळं ठेवलं. ती शेवटची ओळ तेवढी खोडली आणि तिथे लिहिलं, ‘तरीही अडखळली, तर थांब. ती पुढे जाईपर्यंत पान हलवू नकोस.’

साजघरात तिने सगळ्या आयांसाठी चूक कबूल करून ठेवली, नवा साज शेजारी मांडला. काहींनी तिला फार बोल लावले. एकीने एवढंच विचारलं, की माझ्या मुलाच्या पाटीवरून त्याच्या आजीचे सगळे फोटो गेलेत, ते परत येतील का? येतील, सान्वीने लिहिलं. ते गेलेच नव्हते, पान आपल्या जागी तसंच असतं.

नव्या साजाच्या पहिल्या दिवशी कुमूने मात्र पाटी उघडायला नकार दिला.

“मी बघते हे त्याला कुठे दिसतं?” ती म्हणाली. “तो इतके दिवस नुसताच उभा राहिला. आता मी बघणार आणि त्याला परत कळणारच नाही. त्याच्यासाठी पण साज करू या.”

“त्याच्यासाठी?”

“त्याच्या फोनवर. माझा डोळा रेनकोटावर थांबला ना, की त्याचा अख्खा फोन पिवळा झाला पाहिजे. जमेल तुला?”

डोळ्याचं थांबणं पुसायला सान्वीने जे यंत्र कामाला लावलं होतं, तेच पोर आता निरोप्या म्हणून मागत होती.

“मी नाही करणार,” सान्वी म्हणाली. “तू कर. मी शेजारी बसते.”

चटईवर बसून कुमूने साजाला सांगायचं ते स्वतः लिहिलं. वेलांट्या चुकल्या, ‘थांबला’चं ‘थाबंला’ झालं. साजाला तेवढं समजतं. पिवळा कुठला, यावरच पुष्कळ वेळ गेला. लिंबाचा नको, हळदीचा नको. शेवटी बदकाच्या चोचीचा ठरला. निहारला सान्वीने एवढंच कळवलं, की कुमूने पाठवलंय ते फोनवर चढव आणि उद्या फोन पिशवीत ठेवू नकोस, खिशात ठेव.

दुसऱ्या दिवशी दूध तसंच राहिलं. कुमूने पाटी मांडीवर घेतली, पान उघडलं. आभाळ आलं, आणि आभाळाखालून, किती दिवसांनी, पाणी वर चढत आलं. तराफे आले. होडी आली. उन्हाने पाण्यावर इतकी चमक होती की पिवळं काही दिसेना. कुमूची नजर इकडून तिकडे, पुढे, मागे उड्या मारत होती, अडत होती, परत फिरत होती. पान हललं नाही. काहीही सरकलं नाही, काहीही सोपं झालं नाही.

“तो,” कुमू म्हणाली. “वाकडा बांधलाय.”

तिचा डोळा रेनकोटावर टेकला आणि तिथेच राहिला.

दूर, चित्रात, निहार कॅमेऱ्याकडे तोंड करून रोजच्यासारखा उभा होता. मग त्याने खिशात हात घातला. फोन बाहेर काढला. त्याच्या तळहातावर एक पिवळा चौकोन लकाकला, भर उन्हातही दिसेल इतका. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मग हळूहळू तराफ्यावर खाली बसला आणि फोन त्याने दोन्ही हातांनी छातीपाशी धरला.

“आई, तो बसला का?” कुमूने नजर न हलवता विचारलं. “पाय दुखतायत का त्याचे?”

“नाही गं.”

“मग?”

“तू बघतेस, ते त्याला कळलं,” सान्वी म्हणाली. कुमू पाटीवरून डोळा न काढता, पापणीही न मिटता, थांबून राहिली.